सेदरसाठी कोशर वाईन घेताय? आधी माणसं मोजा, मग बाटल्या

पुरीम (पेसाखच्या महिनाभर आधीचा आमचा सण) संपला की पुढचा महिनाभर माझा फोन म्हणजे बाटल्यांचं प्रदर्शन. न्यू जर्सीहून मावसबहीण दुकानात उभ्या उभ्या फोटो टाकते, ठाण्याहून मामेभाऊ विचारतो की येताना काय आणशील, लोदची नणंद लेबलवर नुसता लाल गोल करून पाठवते आणि खाली फक्त "?". मी काही वाईनच्या धंद्यातली नाही, ठाण्याची बेने इस्राएल (म्हणजे मराठी ज्यू) बाई, लग्नानंतर इस्राएलला, अश्दोदला आले आणि इथे पहिल्या दोन-तीन सेदरला ज्या चुका केल्या त्यातून जे शिकले तेच सगळ्यांना सांगत असते. तेच तेच टाईप करून बोटं दुखली म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमात बसणारं, आणि पेसाख म्हणजे मिसरमधून सुटका झाली त्याचा सण. आमच्या आज्या त्याला "आनशी ढाकाचा सण" म्हणायच्या, आनस म्हणजे आंबट रस ठेवायची बरणी, ती या सणाला झाकून बाजूला. पहिल्या रात्री जे साग्रसंगीत जेवण असतं ते सेदर, हग्गादा (त्या सुटकेच्या गोष्टीचं पुस्तक) वाचायची, मात्सा (न फुगवलेली भाकरी) खायची आणि प्रत्येकाने चार प्याले वाईन प्यायची. इस्राएलमध्ये सेदर एकच रात्र, बाहेरच्या देशात लागोपाठ दोन रात्री. २०२६ ला १ एप्रिलच्या संध्याकाळी, २०२७ ला २१ एप्रिलच्या. हे चार प्याले हौसेचे नाहीत, मिश्ना या जुन्या धर्मग्रंथात लिहिलंय की अगदी दानावर जगणाऱ्या गरिबालाही चारपेक्षा कमी द्यायचे नाहीत. म्हणून इथे "मी ड्रिंक्स घेत नाही" म्हणून सुटका नसते (पर्याय आहेत, खाली सांगते).

आधी माणसं, आणि प्याला

सगळे सुरुवात करतात ती "कुठली वाईन चांगली" इथून आणि तिथेच गाडी चुकते. आधी कागद घ्या आणि माणसं लिहा. वाईन पिणारे किती, फक्त द्राक्षरस घेणारे किती (पोरं, गरोदर, बीपीवाले, गाडी चालवून घरी जाणारे), आणि ज्यू नसलेले पाहुणे आहेत का. शेवटच्याचं कारण पुढे येईल.

मग प्याला मोजा. खरंच मोजा, अंदाजाने नको. माझ्या सासऱ्यांचा चांदीचा प्याला दिसायला एवढासा, म्हणून मी वर्षानुवर्षं काठोकाठ भरत होते, एकदा त्यात पाणी भरून केकच्या मेजरिंग कपात ओतलं तर १७० मिली! म्हणजे चार प्याल्यात जवळजवळ पूर्ण बाटली एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटात आणि तेसुद्धा बराच वेळ रिकाम्या पोटात, आणि मग आम्हीच म्हणायचो की बाबा दर वर्षी हल्लेलच्या (शेवटी म्हणायच्या स्तुतिगीतांच्या) आधी झोपतात कसे.

धर्मशास्त्राप्रमाणे प्याल्यात कमीत कमी एक रेवीइत मावलं पाहिजे. रेवीइत म्हणजे किती यावर रब्बींची दोन मापं सगळ्यात प्रसिद्ध, रब्बी नाएंचं ८६ मिली आणि खाझोन ईशचं १५० मिली. तुमच्या घरी कुठलं पाळतात ते मोठ्यांना विचारा. प्यायचं तर निदान निम्म्याहून जास्त, शक्यतो सगळं. आणि एक मत असंही आहे की प्याला मोठा असेल तर त्या मोठ्या प्याल्याच्याच निम्म्याहून जास्त प्यायला हवं, त्यामुळे सरळ छोटा प्याला घ्यावा हेच शहाणपण. आमच्याकडे आता १०० मिलीचे काचेचे आहेत, सासऱ्यांचा चांदीचा एलियाहू हन्नाबीसाठी (एलियाहू संदेष्ट्यासाठी) ठेवलाय, तो कोणी पीत नाही.

आता हिशोब. समजा १० माणसं, ७ वाईनवाली, ३ रसवाली, प्याला १०० मिली. ७ गुणिले ४ गुणिले १०० म्हणजे २८०० मिली, बाटली ७५० ची, म्हणजे ४ बाटल्या. एलियाहूचा प्याला आणि सांडासांडी धरून ५. जेवताना वेगळी प्यायची असेल तर आणखी २. रस ३ गुणिले ४ गुणिले १०० म्हणजे १२०० मिली, पण दुसऱ्या प्याल्यानंतर मोठ्यांपैकी निदान दोघं गुपचूप रसावर येतात, म्हणून २ लिटर घ्या. ८६ मिलीवाले असाल तर सोपा नियम, दोन माणसांना एक बाटली. भारतात, अमेरिकेत असाल तर दुसऱ्या रात्रीचं वेगळं, हे विसरून मावसबहिणीने एकदा दुसऱ्या सेदरला शेजाऱ्यांकडून उसनी बाटली आणली होती.

शिक्का: एक नाही, दोन

द्राक्षं कोशरच असतात मग वाईनला कोशर-बिनकोशर कशाला, हा प्रश्न मला माझ्या ऑफिसातल्या पुणेकर मैत्रिणीने विचारला होता आणि बरोबरच आहे. मुद्दा फळाचा नाही, हाताचा. जुन्या काळी वाईन मूर्तींना अर्पण व्हायची, म्हणून नियम आला की द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंत शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्या ज्यू माणसांनीच ती हाताळायची. शिवाय वाईन स्वच्छ, पारदर्शक करायला जे घालतात त्यात माशाच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ, जिलेटिन, दुधातलं केसिन असं काहीही असू शकतं, कोशर वाईनला यातलं बरंचसं चालत नाही, बेंटोनाइट माती वगैरे वापरतात. त्यामुळे नाशिकची वाईन शंभर टक्के द्राक्षांची आणि प्यायला कितीही सुरेख असली तरी कोशरचा शिक्का नसेल तर सेदरला नाही. मनाला लावून घेऊ नका, फ्रान्सच्या भारीतल्या भारी वाईनलाही हाच न्याय.

हा झाला पहिला शिक्का. दुसरा पेसाखचा. पेसाखला खामेत्झ बंद, म्हणजे गहू, जव, राय, ओट, स्पेल्ट या पाच धान्यांचं फुगलेलं-आंबलेलं काहीही. वाईनमध्ये धान्य कुठून येणार? येतं, यीस्ट कशावर वाढवलंय, गोडीसाठी काय घातलंय, त्यातून येतं. आजकाल बहुतेक कोशर वाईन पेसाखलाही चालतात, पण "बहुतेक" या शब्दावर सण करत नाहीत. अमेरिकेत "ओ-यू" या कोशरच्या शिक्क्याच्या शेजारी "पी" बघा. तो पी पासओव्हरचा. बरेच जण त्याला पारेव्हचा (मांस-दूध दोन्ही नसलेल्याचा) पी समजतात, तसं नाही. इस्राएलमध्ये सरळ "काशेर ले-पेसाख" लिहिलेलं असतं, पण त्याच्यापुढे बारीक अक्षरात "ले-ओख्ले किटनियोत" असेल तर थांबा, म्हणजे तांदूळ-मका-डाळी खाणाऱ्यांनाच चालणारं. आम्ही बेने इस्राएल तांदूळ खातो, आमची काही अडचण नाही, पण टेबलावर अश्केनाझी (युरोपकडचे ज्यू, ते हे खात नाहीत) पाहुणा, सून, जावई असेल तर त्यांच्यासाठी ती बाटली नको. अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध गोड मॅनिशेविट्झचं असंच आहे, वर्षभराच्या बाटलीत कॉर्न सिरप, पेसाखच्या खास बाटलीत उसाची साखर. लेबल सारखंच, म्हणून पी शोधायचा.

इस्राएलच्या वाईनला आणखी एक भानगड, श्मिता. दर सातव्या वर्षी जमिनीला सुट्टी. मागची श्मिता २०२१-२२ ला झाली, त्यामुळे बाटलीवर २०२२ साल असेल तर नीट बघा, "ओत्झार बेत दीन" लिहिलेलं असेल तर नियमाने हाताळलेली आहे, पण तिला पावित्र्य आहे, वाया घालवायची नाही. आणि सेदरला आपण काय करतो? मिसरवरच्या दहा संकटांची नावं घेताना दुसऱ्या प्याल्यातून थेंब थेंब बाहेर काढतो आणि टाकून देतो! म्हणून दुसऱ्या प्याल्याला ही वाईन नको, बाकीच्यांना घ्या. हे मला एका दुकानदाराने सांगितलं, मी २०२२ च्या सहा बाटल्या ट्रॉलीत टाकल्यावर. नंतर रब्बींना विचारलं, ते म्हणाले बरोबर सांगितलं त्याने.

मेवुशाल का नुसती?

हा सगळ्यात नाजूक विषय. वर सांगितलं की कोशर वाईन ज्यू माणसानेच हाताळायची, मग बाटली उघडल्यावर ज्यू नसलेल्या पाहुण्याने ओतली तर? साध्या कोशर वाईनला अडचण येते. पण वाईन आधीच "शिजवलेली" असेल तर अडचण नाही, तीच मेवुशाल. शिजवलेली म्हणजे पातेल्यात उकळलेली नव्हे, कारखान्यात काही सेकंदांसाठी ८० अंशांच्या आसपास गरम करतात आणि लगेच थंड. पूर्वी चव मरायची, आता पद्धत सुधारलीय आणि मला तरी रोजच्या वाईनमध्ये फरक कळत नाही. भारी, जास्त वर्षं ठेवायच्या वाईन मात्र सहसा मेवुशाल नसतात.

निर्णय सोपा आहे. टेबलावर मुलाची मैत्रीण, ऑफिसचा मित्र, शेजारी, मदतीला येणारी बाई, कोणीही ज्यू नसलेलं असेल तर सगळ्या बाटल्या मेवुशाल घ्या. म्हणजे कोणी कौतुकाने बाटली उचलून शेजाऱ्याचा प्याला भरला की घरातल्या कर्मठ काकांचा चेहरा पडणार नाही आणि पाहुण्यालाही आपलं काय चुकलं असं वाटणार नाही. आमच्याकडे एकदा हे झालंय, बाटली तशीच बाजूला सरकवली गेली आणि तो बिचारा मुलगा पुढचा तासभर हात मांडीवर ठेवून बसला होता, अजून आठवलं की मलाच लाजल्यासारखं होतं. सगळे घरचेच असतील तर उलट बिनमेवुशाल घ्या, किद्दुशला (वाईनवर म्हणायच्या प्रार्थनेला) तीच जास्त चांगली मानणारे बरेच आहेत. लेबलवर हिब्रूत "मेवुशाल" किंवा "लो मेवुशाल" लिहिलेलं असतं, इंग्लिश लेबलवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात. बॅरन हर्झोग ही कॅलिफोर्नियाची मेवुशाल, गोलानची यार्डेन नाही. बाकीच्यांचं एकाच कंपनीत दोन्ही प्रकार असतात, तेव्हा नावावर जाऊ नका.

कुठल्या प्याल्याला कुठली

इथे माझं ठाम मत आहे आणि नवऱ्याशी दर वर्षी भांडण. चारही प्याले एकाच वाईनचे असायची गरज नाही.

रात्रीचा क्रम बघा. अंधार पडल्यावर सेदर सुरू, पहिला प्याला किद्दुशचा, मग मिठाच्या पाण्यात बुडवलेली भाजीची एक काडी, मग हग्गादा, आणि पोरांचे प्रश्न, आणि आजोबांच्या गोष्टी, आणि तासा-दीडतासाने दुसरा प्याला, तोपर्यंत पोटात काय तर ती एक काडी. मग मात्सा, मारोर (कडू-तिखट भाजी), जेवण. जेवणानंतरच्या प्रार्थनेला तिसरा, हल्लेल म्हणून झालं की चौथा, बरेचदा मध्यरात्रीच्या जवळ. म्हणजे पहिले दोन अगदी रिकाम्या पोटी आणि शेवटचे दोन तुडुंब पोटी.

आता आकडे लावा. १४ टक्क्यांची रेड, चार वेळा १०० मिली, म्हणजे ५६ मिली शुद्ध अल्कोहोल. साडेपाच टक्क्यांची मोस्कातो घेतली तर २२. तालमुद या धर्मग्रंथातले रब्बी यहूदा बर इलाई म्हणायचे की पेसाखचे चार प्याले प्यायलो की शावुओतच्या सणापर्यंत, म्हणजे सात आठवडे, कपाळाला पट्टी बांधून बसतो. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत तर तुमचं आमचं काय!

म्हणून पहिले दोन हलके. इटलीची ती निळ्या बाटलीतली बार्तेनुरा मोस्कातो, किंवा कुठलीही कोशर लॅम्ब्रुस्को, गोडसर, थोडे बुडबुडे, ज्यांना वाईनची सवय नाही त्यांनाही घशाखाली उतरते. पण मोस्कातो पांढरी आणि रिवाज लाल वाईनचा आहे (शुल्खान अरुख या धर्मनियमांच्या ग्रंथात लिहिलंय की लाल शोधावी, पांढरी जास्त चांगली असेल तर गोष्ट वेगळी). ज्यांना लालच हवी त्यांनी लॅम्ब्रुस्को घ्यावी, किंवा मोस्कातोत थोडी रेड मिसळावी, आम्ही तेच करतो. बाय द वे एके काळी युरोपात मुद्दाम पांढरी वापरायचे, कारण ज्यू लोक पेसाखला रक्त वापरतात असा खोटा आरोप करून कत्तली व्हायच्या आणि टेबलावर लाल दिसलेलं महागात पडायचं. १७ व्या शतकातल्या रब्बींनी तसं लिहूनच ठेवलंय. त्यामुळे कोणाकडे पांढरी दिसली तर नाक मुरडू नका.

जेवताना जी प्यायची ती तुमची हौसेची बाटली, पैसे इथे घाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्याल्याच्या मधे जेवताना हवी तेवढी वाईन पिता येते, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे नाही, आणि चौथ्यानंतर फक्त पाणी. लोक काय करतात, भारीतली बाटली पहिल्या प्याल्याला उघडतात, अर्धी जीभ उपाशी, अर्धी घाईत, आणि मारोरच्या तिखट मुळ्यानंतर तर कुठल्याच वाईनची चव कळत नाही. मुख्य जेवणापर्यंत थांबा.

जेवण आपल्या पद्धतीचं असेल, हिरवा मसाला आणि नारळाच्या दुधातलं मटण (मांसाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून आपल्याकडे नारळाचं दूध, देवाची कृपा), तर दुकानदार जी ओकच्या पिंपातली १४.५ टक्क्यांची कॅबर्ने पुढे करतो ती घेऊ नका. तिखट आणि तुरट वाईन एकत्र आले की तोंडात जाळ. तिथे ग्रेनाश, कॅरिन्यान, रोजे किंवा किंचित गोड गेवुर्झट्रॅमिनर छान लागते. अमेरिकन पद्धतीचं मंद आचेवर भाजलेलं ब्रिस्केट असेल तर खुशाल कॅबर्ने, सिराह. इस्राएलमध्ये गोलान आणि वरच्या गालीलची थंड हवा, जेरुसलेमजवळचे यहुदियाचे डोंगर, नेगेवचं वाळवंट, चारही ठिकाणी द्राक्षं होतात आणि डोंगरातल्या वाईन मला जास्त आवडतात. स्पेनच्या मोन्तसान्तमधली कापसानेस गावच्या सहकारी सोसायटीची पेराख हाअवीव ही पण सुरेख, १९९५ पासून करतात, पण बजेट बघा. लेबलवर "यावेश" म्हणजे ड्राय, "हत्सी यावेश" अर्धी ड्राय, "मातोक" गोड, एवढे तीन शब्द पाठ करा.

तिसरा-चौथा पुन्हा हलका. चौथा तर मी अर्धी वाईन अर्धा रस असाच घेते.

पैशाचं म्हणाल तर इथे सणाच्या आधी सुपरमार्केटात "शंभर शेकेलला तीन" अशा ऑफर लागतात, त्यातल्या बाटल्या पहिल्या-दुसऱ्या-चौथ्या प्याल्याला उत्तम. शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, गर्दीत लेबल वाचता येत नाही.

रस, आणि आजीचं मनुकांचं शरबत

वाईन न पिणाऱ्यांसाठी द्राक्षरस पूर्णपणे चालतो, बेराखा (पिण्याआधीची प्रार्थना) तीच. फक्त तो रस हवा. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी मोठ्या आनंदाने स्वस्तातल्या चार बाटल्या आणल्या, द्राक्षाचं चित्र, जांभळा रंग, आणि संध्याकाळी नणंदेने वाचून दाखवलं, "मश्के बे-ताआम अनावीम", द्राक्षाच्या चवीचं सरबत! साखर-पाणी-रंग. "मीत्झ अनावीम" किंवा "तिरोश" पाहिजे होतं. ऐनवेळी शेजारणीने वाचवलं. रसालाही वाईनसारखेच दोन शिक्के लागतात, हे पण लक्षात ठेवा.

आणि ठाणे-मुंबई-पनवेल-अलिबागवाल्यांनो, तुमच्याकडे तर पिढ्यानपिढ्यांचा उपाय आहे. कोकणात कोशर वाईन कुठली, तेल गाळणारी माणसं आपण, शब्बाथला किद्दुश काय करायचं तर काळ्या मनुकांचं शरबत. शास्त्रालाही मान्य आहे, मनुका पाण्याच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त हव्यात आणि दाबल्यावर रस सुटायला हवा, एवढंच.

आजीची पद्धत अशी. पाव किलो काळ्या मनुका. वाण्याच्या उघड्या पोत्यातल्या नकोत, शेजारीच गव्हाच्या पिठाचं पोतं आणि तोच डाव दोन्हीत, पेसाखला ते चालणार नाही, सीलबंद पाकीट घ्या. कोमट पाण्यात तीन-चार वेळा चोळून धुवा, कारण सुकवताना द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, तासगाव-सांगलीकडच्यांना माहीत असेल, आणि ते वर राहिलं तर शरबताला तेलकट वास येतो. मग पाऊण लिटर पाण्यात रात्रभर भिजत. सकाळी टम्म फुगतात. हाताने कुस्करायच्या, मिक्सर नको, बिया फुटल्या तर कडू. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं, फडकं पिळताना शेवटी जो दाट गर्द रस येतो तो खरा, तो येईपर्यंत पिळायचं, आजीच्या मनगटाच्या शिरा दिसायच्या. पुन्हा एकदा गाळून बाटलीत. साडेपाच-सहाशे मिली होतं, म्हणजे १०० मिलीचे पाच प्याले, त्या हिशोबाने मनुका वाढवा. फ्रीजमध्येच ठेवा आणि सणाच्या आदल्या दिवशीच करा. आम्ही एकदा हुशारी करून तीन दिवस आधी केलं, एप्रिलचं ठाणं, त्यात लाईट गेलेले, बाटली फसफसली आणि झाकण थेट माळ्यावर! आई म्हणाली बरं झालं, आता खरी वाईन झाली.

इस्राएलहून कोणी येणार असेल तर बाटली मागवा, भारतात उतरताना माणशी २ लिटरपर्यंत दारू ड्युटीशिवाय आणता येते. ७५० मिलीच्या दोन आरामात, तिसरी धरली की सव्वादोन लिटर. चेक-इन बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून.

व्हिस्कीवाल्या मामांसाठी

प्रत्येक घरात एक मामा असतात ज्यांना वाईन म्हणजे पोरांचं सरबत वाटतं. मामांना आधीच सांगा, व्हिस्की, बिअर, बर्बन, धान्याची व्होडका, बहुतेक जिन, सगळं खामेत्झ. नुसतं प्यायचं नाही असं नाही, मालकीचंही ठेवायचं नाही. फेकायची गरज नाही, रब्बींमार्फत खामेत्झ विकायचा कागद करतात, कपाट बंद करून सणापुरतं विकायचं, नंतर परत घ्यायचं. न विकता घरात राहिलेली बाटली पेसाखनंतरही ज्यू माणसाला चालत नाही, वीस वर्षं जुनी सिंगल माल्ट असली तरी. इथे दुकानातही व्हिस्कीच्या कपाटावर पांढरं प्लास्टिक चढतं.

मग काय चालतं? पेसाखचा शिक्का असेल तर स्लिवोविट्झ, ही आलुबुखाराची ब्रँडी, चेक देशातली येलिनेक प्रसिद्ध, ५० टक्क्यांपर्यंत असते, मामा खूश. बटाट्याची व्होडका, पण शिक्का बघूनच, बटाट्याचं पीठ मोडायला जे एन्झाइम घालतात ते धान्यावरचं असू शकतं. टकीला, शंभर टक्के अगावेची आणि पिंपात न मुरवलेली ब्लांको. रम उसाची असते म्हणून बिनधास्त घेऊ नका, मुरवायची पिंपं बरेचदा बर्बनची जुनी असतात. ब्रँडी आणि कोन्याक द्राक्षांची, म्हणजे तिला वाईनचे सगळे नियम लागले. अराकचा बडीशेपेसारखा वास सारखाच असतो पण आतलं अल्कोहोल कशाचं ते कंपनीप्रमाणे बदलतं. गोव्याचा माझा एक मित्र दर वर्षी विचारतो, काजू फेणीत धान्य कुठे आहे? नाहीये रे बाबा, द्राक्षही नाही, पण शिक्काही नाही, आणि भट्टीत आधी काय चढलं होतं ते मला कसं कळणार.

कोलाचंही तेच, अमेरिकेत पेसाखला कोका-कोलाची पिवळ्या झाकणाची बाटली येते, कॉर्न सिरपऐवजी साखरेची, तीच घ्या.

आणि हे सगळं प्यायचं कधी? सेदरला खरं तर जागाच नाही. जेवताना एखादा छोटा पेग ठीक, पण डोळे मिटायला लागले तर अर्धी हग्गादा कोण वाचणार. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या आधी, तेव्हा मामांना हवा तेवढा वेळ.

तुम्ही पाहुणे असाल तर

पुण्या-मुंबईचे बरेच जण अमेरिकेत, इस्राएलमध्ये सहकाऱ्यांकडे सेदरला जातात, त्यांना एकच सांगते, सीलबंद बाटली, दोन्ही शिक्के, मेवुशाल, आणि ती स्वतः उघडू नका, यजमानाच्या हातात द्या. शंका असेल तर फुलं न्या. केक, बिस्किटं, मिठाईचा डबा अजिबात नको, प्रेमाने नेलेला डबा दाराबाहेर ठेवावा लागतो तेव्हा दोघांनाही वाईट वाटतं.

त्या दिवशी

सूर्यास्ताच्या आधी सगळ्या बाटल्या उघडून ठेवा. फिरकीच्या पत्र्याच्या झाकणांचं तर नक्कीच, पहिल्यांदा फिरवताना खालचं कडं तुटतं आणि सणाच्या दिवशी ते तोडू नये असं बरेच रब्बी म्हणतात. बूचवाल्या उघडून बूच हलकं परत लावा. मोस्कातो थंड, रेड अर्धा तास आधी फ्रीजमध्ये, एप्रिलमध्ये इथेही उकडतं. रसाची बाटली टेबलाच्या पोरांच्या टोकाला, आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर पारदर्शक प्लास्टिक घालाच, सगळे डावीकडे रेलून पितात, सांडणार म्हणजे सांडणार. कुठली बाटली कुठल्या प्याल्याला ते मी बाटलीच्या मानेला रबरबँडने चिठ्ठी लावते, १-२, जेवण, ३-४, नाहीतर नवरा कॅबर्ने किद्दुशलाच उघडतो.

एलियाहूचा प्याला रात्री तसाच राहतो. तो ओतून देऊ नका, बशी झाकून ठेवा आणि सकाळी बाटलीत परत टाका, दुसऱ्या दिवसाच्या किद्दुशला तोच घेतात. बशी नक्की ठेवा, आमच्याकडे एकदा सकाळी त्यात माशी होती आणि सासूबाईंना वाटलं मीच विसरले. विसरले होतेच.